बारा नंबरची दोरी

काठी उघडायच्या आधी दादाने हातमोजे घातले. पांढरे, सुती, जवाहिऱ्याच्या दुकानात घालतात तसले. वहिनीने बाबांचं जेवणाचं टेबल दोनदा पुसलं, मिठाची बरणी उचलून फ्रीजवर ठेवली, आणि मग मखमली पिशवीतून काठीचे चार तुकडे असे काही बाहेर आले की दादाच्या धाकट्या बहिणीला, पुडीला, वाटलं, आपण बाळंत झालो तेव्हा छोटीलासुद्धा इतक्या हळुवार हातांनी कुणी धरलं नव्हतं.

"हिला हात लावायचा नाही हं," दादा छोटीला म्हणाला. छोटी दोन वर्षांची. तिने लगेच हात लावला.

तुकडे एकमेकांत बसवल्यावर काठी टेबलावरून निघून, बैठकीची खोली ओलांडून, पार गॅलरीच्या दारापर्यंत पोचली. दोन हातांनी धरायची, दोरीला बांधलेली नकली माशी नदीत लांबवर फेकून मासे धरायची काठी. दादाने तिची किंमत सांगितली नाही. "विचारूच नका," असं मात्र तीनदा म्हणाला, म्हणजे सगळ्यांनी विचारावं. कुणी विचारलं नाही.

बाबांनी पेपरातून मान वर केली. "पडदे लावायला छान आहे."

"बाबा, ही काठी म्हणजे—"

"दोन खोल्यांचे पडदे एका दांडीवर येतील."

बाबांनी चाळीस वर्षं शहराच्या बस चालवल्या होत्या. माणसं आरशातून बघायची सवय जडलेली, त्यामुळे समोर बसलेल्याकडेही ते तिरकेच बघत. त्यांच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकलेला माणूस पुडीच्या माहितीत नव्हता. तिला स्वतःलाही त्यांनी 'पुडी' हे नाव सोडून काही दिलेलं नव्हतं. लहानपणी ती सापडेल त्या कागदाची पुडी बांधायची म्हणून ते नाव पडलं. मोठी होऊन ती दवाखान्याच्या औषधखोलीत कामाला लागली, दिवसभर औषधं मोजून खरोखरच पुड्या बांधायला लागली, तेव्हा दादाला नावातलं भविष्य खरं ठरल्याचा आनंद झाला होता. तो आनंद अजून ओसरलेला नव्हता.

हा सगळा खटाटोप चालला होता खालच्या डोहासाठी. नदीवर मासे धरणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि मंडळाच्या जागांत खालचा डोह सगळ्यांत चांगला. तीस वर्षं तिथला परवाना बाबांच्या नावावर होता. आता त्यांचे गुडघे त्यांना पाण्यात उभं राहू देईनात. मंडळाचा नियम असा, की परवाना त्याच हंगामात मुलाला किंवा मुलीला देता येतो. मात्र ज्याला हवा त्याने काठावरून, तीन फेकींत एकदा तरी, माशी पांढऱ्या खडकाच्या पलीकडे टाकून दाखवायची. थोरल्याने आधी. हंगामात दोनच संधी. कुणालाच जमलं नाही तर जागा मंडळाकडे परत, आणि पुढे नावांची यादी एवढी मोठी की त्यातले निम्मे लोक नातवंडांच्या वतीनेच ताटकळत होते.

आणि काठावर, पाठीशी, झाडांची दाट रांग. नेहमीची एका हाताची काठी तिथे चालत नाही. तिची दोरी फेकण्याआधी मागे उडवावी लागते, आणि मागे गेली की फांद्यांत अडकते. बाबा तरुणपणी प्रवाहातून चालत जाऊन नदीच्या मधल्या कातळावर उभे राहायचे. तो कातळ दोन पुरांत फुटून गेला. आता लांब काठीच हवी, जिची दोरी मागे उडत नाही. पाण्यावरच एक वळण घेते आणि पुढे झेपावते. बाबांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हेसुद्धा ते तुच्छतेनेच सांगत.

परवान्याबरोबर दिवसाला दोन पाहुण्यांची मुभा होती. दादाने पाहुणे ठरवूनही टाकले होते: त्याचे साहेब आणि साहेबांचा मेव्हणा.

"साहेबांना मासेमारीचं फार वेड," वहिनी म्हणाली. "बढत्या अशाच ठिकाणी ठरतात."

बाबांनी कुठे बसायचं, हे कुणी काढलंच नाही. पुडीच्या डोक्यातून मात्र ते जाईना. डोहाच्या काठावर एक सपाट दगड होता. दादाला चिखलाची किळस, म्हणून लहानपणी बाबांचं जाळं धरायला तीच जायची, आणि बाबा दमले की त्या दगडावर टेकायचे. तिथे बसले की ते कुणाची टिंगल करत नसत. तासचे तास. गेलं वर्षभर ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या कपडे वाळत घालण्याच्या पद्धतीवर शेरे मारत बसत होते.

पहिल्या संधीच्या दिवशी मंडळाची तीन म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली. चिटणीसांच्या मांडीवर वही. दादाने हातमोजे घातले, काठी जोडली, काठावर पाय रोवले, आणि पहिली फेक टाकली. दोरी निम्म्यावर जाऊन उसवलेल्या लोकरीसारखी गोळा होऊन पडली. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी त्याने एवढा जोर लावला की टोपी पडली, आणि दोरीपेक्षा टोपीच लांब वाहत गेली.

पुडीने चिटणीसांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खुशीत होते.

"काका, काय चुकतंय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग सांगा ना त्याला."

"आम्ही परीक्षा घेतो, बाई. शिकवणी घेत नाही."

गाडीत दादा म्हणाला, "वारा होता." झाडाचं पान हललं नव्हतं. मग म्हणाला, काठी नवीन आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

बाबा पुढच्या सीटवरून, आरशात बघत म्हणाले, "पुडी, तुझं नाव टाक."

"माझ्याकडे काठी नाही, बाबा."

"मग घे."

दादा हसला. आज पहिल्यांदाच मनापासून हसला. "कशी घेणार? खोकल्याच्या औषधाच्या बदल्यात? अहो बाबा, या काठीची नुसती पिशवी हिच्या पगाराएवढी आहे."

"पिशवी चांगलीच आहे," बाबा म्हणाले. "पिशवी फेकली असतीस तर जास्त लांब गेली असती."

दुसऱ्या संधीला चार आठवडे होते.

दुकानदाराने पुडीच्या आधी तिच्या चपला बघितल्या. मग कडेवरची छोटी बघितली. मग म्हणाला, "भेट द्यायचीय का कुणाला?"

"मलाच हवीय. दोन हातांची काठी. पहिलीच आहे, पैसे बेताचे आहेत. काय लागतं आणि काय नसलं तरी चालतं, तेवढं सांगा."

दुसरा प्रश्न त्याला ऐकू आला नाही. त्याने काठी काढली, तिला शोभणारं रीळ काढलं, त्या रिळाला शोभणारी पिशवी, अठरा कप्प्यांचं जाकीट, माश्या ठेवायची लाकडी डबी आणि ती डबी पुसायचं फडकं. काउंटर भरलं. बोलताना तो वस्तूंकडे बघत होता, तिच्याकडे नाही. पुडीला ही जात चांगली ओळखीची होती. औषधखोलीत आठवड्याला एक तरी टॉनिकवाला यायचा. बाटली जेवढी नक्षीदार, तेवढं आतलं साखरेचं पाणी पातळ, हे तिला झाकण न उघडता कळायचं.

"हे सगळं आवरा," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात छत्र्या ठेवायच्या डब्यात जुन्या काठ्या उभ्या होत्या. एकीची बुचाची मूठ कुत्र्याने चावलेली, आणि शेंड्याचा तुकडा वेगळ्याच रंगाचा.

"ती? ती कुणी घेत नाही. शेंडा बदललेला आहे."

"बदललेला म्हणजे नवीन ना?"

पुडीने काठी जोडली. सांध्यांत बोट फिरवलं. पर्समधून कापसाचा बोळा काढला आणि दोरी जाते त्या एकेका कडीतून ओढून बघितला; कडीला चीर असती तर कापसाचे तंतू अडकले असते. एकही अडकला नाही. दुकानदार आता तिच्याकडे बघायला लागला होता, पण अजून माणूस म्हणून नाही.

मुठीच्या वर ७ हा आकडा छापलेला होता, आणि त्याच्या शेजारी जुन्या मालकाने बारीक ब्रशने लिहिलेलं: ३१ ग्रॅम.

"हे काय?"

"दोरीचं वजन." तो जांभई दाबत म्हणाला. "आकड्यावर जायचं नसतं. एका हाताच्या काठीचा सात निराळा, दोन हातांच्या काठीचा सात निराळा. हिला दुपटीहून जड दोरी लागते, तेव्हा कुठे ती वाकते. वाकली नाही तर फेकणार काय? चांगले चांगले लोक फसतात. वर्षानुवर्षं एका हाताने फेकणारे तर हमखास. घरात सात नंबरची दोरी असते, तीच बांधतात."

"आणि तुम्ही त्यांना सांगत नाही?"

"विचारलं तर सांगतो. त्यांना सगळं येत असतं, ते कशाला विचारतील?"

पुडीला ते तिथल्या तिथे पटलं. औषधखोलीच्या खिडकीशी रोज कुणीतरी सांगायचं, दोन चमचे घेतलं तरी गुण नाही. चमचा कुठला, विचारलं की कुणाचा चहाचा, कुणाचा भातवाढणी. चमचा हे माप नव्हे, हे तिने आठ वर्षांत किती लोकांना सांगितलं असेल! आणि सातही माप नव्हतं. माप म्हणजे ग्रॅम.

तयार दोरीची किंमत त्या चावलेल्या काठीच्या दुप्पट होती. पुडीने सवलतीची बादली उपसली आणि तळातून बारा नंबरची दोरी काढली. समुद्रातल्या दांडग्या माशांसाठी असते तसली, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये सगळीकडे सारखी जाड. खोक्यावरची धूळ चिकट झाली होती.

"ही एका हाताच्या काठीची आहे," दुकानदार म्हणाला. "एवढी जाड. मगरी धरणार का?"

"कापणार आहे."

नवी दोरी कापणारी बाई त्याने बघितली नव्हती. त्याने पैसे घेतले आणि छोटीला गोळी देऊ केली, जणू घरात तेवढीच एक शहाणी आहे.

रीळ विकत घ्यायचं नव्हतं. बाबांचं जुनं रीळ दादाच्या घरी कागदांवर दाबायला ठेवलेलं होतं. ते तिने वहिनीकडून मागून आणलं. दादाचं नवं रीळ पिसासारखं हलकं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. पुडीने आपली काठी वरच्या मुठीखाली एका बोटावर तोलली. रिळाशिवाय ती तोंडघशी पडत होती. बाबांच्या रिळाचा लोखंडी गोळा बसवला, तशी आडवी, शांत राहिली. एवढ्या लांब काठीला बुडाशी वजनच लागतं. तिला हसू आलं. दादाच्या सगळ्याच वस्तूंना शेंडा होता, बूड नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत औषधखोलीचं दार लोटून तिने बारा नंबरची दोरी एका टोकाकडून तेरा मीटर मोजून कापली, वेटोळं करून काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवली. पस्तीस. वीतभर कापली, ठेवली. पुन्हा वीतभर. काटा शहाणा होता, श्वास लागला तरी हलायचा, म्हणून ती श्वास रोखून वाचत होती. साडेअकरा मीटरला एकतीसवर येऊन तो थांबला. काठीच्या तिप्पट लांबी. मागे तिने गुळगुळीत बारीक नायलॉन जोडला आणि उरलेली दोरी, दुसऱ्या निमुळत्या टोकासकट, मोठ्या पुडीत बांधून पर्समध्ये टाकली. टाकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

दवाखान्यामागे पाणीपुरवठ्याचं तळं होतं. गवतावर हा सराव होत नाही. दोरीला क्षणभर पाण्याने धरून ठेवावं लागतं. रोज दुपारी अर्धा तास. बाबा छोटीला बाबागाडीत घालून यायचे आणि बाकावर बसून शेरे मारायचे.

"झाडू मारतेयस की मासे धरतेयस?"

"तुम्ही दाखवा मग."

"मला येत नाही. पण तुलाही येत नाही, एवढं मला दिसतं."

दोरी तिच्या कानाजवळून जाई, पायाशी पडे, एकदा बाबागाडीच्या चाकात गेली. आठव्या दिवशी बाबा अचानक बाकावरून उठले. "थांब. वरच्या हाताने ढकलतेयस तू. नवे ड्रायव्हर असेच. स्टिअरिंग वरच्या हाताने दामटतात आणि बस फुटपाथवर चढवतात. खालच्या हाताने ओढ. वरचा हात नुसता वाट दाखवायला."

तिने खालचा हात पोटाकडे ओढला. बुडातून काठी वाकली, पार चावलेल्या मुठीपर्यंत, आणि दोरी सुटली. तळ्याच्या मध्यावर कुठेतरी माशी पडली. एवढी हलकेच, की छोटीने टाळ्या वाजवल्या त्या दुसऱ्याच कशासाठी तरी.

बाबा परत बसले. "बरं. एकदा चुकून झालं," ते म्हणाले.

संधीच्या आधीच्या रविवारी दादा-वहिनी जेवायला आले. दादाने रीळ बरोबर आणलं होतं, कारण साहेबांना दाखवून तिकडूनच तो येत होता. जेवण होईपर्यंत छोटीने टेबलाखाली बसून निम्मी दोरी ओढून काढली. वहिनी किंचाळली. गुंडाळायला पुडी खाली बसली, आणि दोरी बोटांत येताच तिला कळलं.

बारीक होती. दादाच्या जुन्या, एका हाताच्या काठीवरची लाडकी दोरी, अकरा वर्षं जपलेली. सात नंबरची.

ती स्वयंपाकघरात गेली, साडेअकरा मीटर मोजली, वाडग्यात घालून घरच्या वजनकाट्यावर ठेवली. पंधरा ग्रॅमसुद्धा नाही. दादाच्या महागड्या काठीवरही सातच छापलेलं होतं, आणि ती उपाशी होती. एवढंच होतं. वारा नाही, हात नाही, काही नाही. आज योग्य दोरी बांधली तर शनिवारी तो पहिल्याच फेकीत खडक ओलांडेल. थोरल्याने आधी. तिला काठी हातात धरायचीसुद्धा वेळ येणार नाही. डोहावर साहेब येतील, मेव्हणा येईल, आणि बाबा गॅलरीत.

वाडगं हातात धरून ती ओट्याशी जरा वेळ उभी राहिली. गप्प राहणं सोपं होतं. पण चुकीच्या मात्रेचं औषध खिडकीतून बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या हाडात शिरलेलं. ती बाहेर आली.

"दादा, तुझी दोरी हलकी आहे."

"काय?"

इथे तिला साधं सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात वहिनीने ते वाडगं तिच्या हातातून रुमालाने धरून घेतलं, जणू रोग्याचं होतं, आणि दादा म्हणाला, "स्वयंपाकाच्या काट्यावर मोजलीस? ती दोरी? तेलकट वाडग्यात?"

"हो, मोजली. पंधरा ग्रॅम भरली, लागतात तीस. मला दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं ते. तुला एवढा पगार देतात तो कशाचा देतात? हातमोजे घालून काठी धरतोस! हातांचं राहू दे, आधी डोकं झाक, आत वारा शिरतोय. त्या दिवशी वारा होता म्हणालास ना, तो तिथलाच."

वहिनीने श्वास आत ओढला. दादाचे कान लाल झाले.

"तू मला शिकवणार? पुड्या बांधणारी?"

"पुड्याच बांधते. पण आत किती घातलंय ते मला माहीत असतं."

"अकरा वर्षं या दोरीने मासे धरतोय मी. काठीवर सात, दोरीवर सात. हे सरळ, छापलेलं आहे. कुत्र्याने चावलेली काठी घेऊन जगाला अक्कल शिकवायला निघालीय!" त्याने रीळ उचललं. "चल गं."

ते गेले. बाबा पूर्ण वेळ चमच्याने टेबलावर ठकठक करत होते. पुडीने भांडी घासली आणि घासता घासता तिला हलकं वाटलं. सांगितलं ना आपण? आकडे सांगितले, बरोबर सांगितले. पत्ता न लिहिता पत्र पेटीत टाकून यावं आणि म्हणावं, मी तर पाठवलं, तसलं ते हलकेपण होतं. पण त्या दिवशी ते तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी तीन खुर्च्या, वही, चिटणीस. बाबांना धरून तिने सपाट दगडावर बसवलं, छोटीला त्यांच्या मांडीवर दिलं.

दादाच्या रिळावर तीच बारीक दोरी होती. पुडीने ती लांबूनच ओळखली. आनंद म्हणावा तर त्याला चव नव्हती. तीन फेकी. दादाची पाठ रुंद, हात मजबूत, काठी सरळच्या सरळ, आणि दोरी तिन्ही वेळा निम्म्या वाटेवर गळाठून पडली. तिसऱ्या वेळी तो तसाच उभा राहिला, पाण्याकडे बघत. एका म्हाताऱ्याने खाकरून हसू दाबलं. चिटणीसांनी ते दाबलंसुद्धा नाही.

मग ती. चिटणीसांनी तिच्या काठीची मूठ बघितली. "कुत्रं पाळलंय वाटतं."

"आम्ही परीक्षा देतो, काका," पुडी म्हणाली. "गप्पा मारत नाही."

पहिली फेक तिने वरच्या हाताने ढकलली आणि ती फुटपाथवर चढली. म्हणजे पायापाशीच्या झुडपात. दुसरी खडकावर आपटली, माशीच्या गळाचं टोक बोथट झालं. तिने माशी बदलली. मागे दगडावरून बाबांचा आवाज आला नाही, आणि तो आला नाही म्हणूनच तिला धीर आला. त्या दगडावर ते कुणाची टिंगल करत नाहीत. तिने दोरी पाण्यावर टेकू दिली, वळण घेऊ दिलं, आणि खालचा हात पोटाकडे ओढला.

दोरी सावकाश उलगडत गेली, अगदी घाई नसल्यासारखी, आणि माशी पांढऱ्या खडकाच्या पलीकडे दोन हात जाऊन पडली.

चिटणीसांनी वहीत काहीतरी लिहिलं. अभिनंदन करायची त्यांच्यात पद्धत नव्हती. खुर्च्या मिटल्या, म्हातारे गेले.

पुडी दगडाशी आली. आता बाबा काहीतरी म्हणतील, आयुष्यात एकदा तरी, असं तिला वाटलं.

बाबा म्हणाले, "त्याने दोरी बदलली नाही."

"मी सांगितलं होतं त्याला. तुमच्यासमोर."

"हो. पण कसं सांगितलंस?"

पुडी सैल दोरी रिळावर गुंडाळायला लागली.

"मी तसंच सांगतो सगळ्यांना," बाबा छोटीच्या टोपीची नाडी बांधत म्हणाले. "म्हणून कुणी ऐकत नाही. मीही ते जाणून असतो." नाडीची गाठ त्यांना बसेना, ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली. "खालच्या हाताने ओढलंस. बघितलं मी."

दादा गाडीजवळ काठीचे तुकडे मखमलीत घालत होता. एकटाच. वहिनी आलीच नव्हती. साहेबांना काय सांगायचं, याच्या तयारीत असेल. हातमोजे घातलेले होते, पण तुकडे पिशवीत शिरत नव्हते, उलटेपालटे होत होते. लहानपणी चिखलाच्या कडेला उभा राहून तो असाच दिसायचा: यायचंय, पण येता येत नाही. तिला तेव्हा वाटायचं तो नखरे करतो.

पुडीने पर्समधून मोठी पुडी काढली. वर लिहायला पेन शोधलं, झाकण दातात धरून लिहिलं, आणि त्याच्यापुढे धरली.

"हे काय?"

"त्या बारा नंबरच्या दोरीचा उरलेला अर्धा. तुझ्या काठीला पुरेल. मोजून कापायला लागेल, एखाद्या दुपारी औषधखोलीत ये, चांगला काटा आहे. दादा, तुझा हात चांगला आहे रे. दोरी हलकी होती, एवढंच."

या वेळी वाक्य जसं तयार होतं तसंच बाहेर पडलं.

दादाने पुडी घेतली नाही, नुसती वाचली. "तीस ग्रॅम. रविवारी एकदा," तो म्हणाला. "जेवणाआधी की नंतर?"

"दिवसाला दोन पाहुणे चालतात. एक बाबा, रविवारी दुसरा तू."

"आणि साहेब?"

"साहेबांना सांग, पडद्याची दांडी लागली तर कळवा."

तो हसला नाही. हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. डाव्या हाताने त्याने उजव्या हातमोज्याचं एकेक बोट ओढलं, हातमोजा काढून खिशात कोंबला, तिच्या हातातली पुडी घेऊन घडी उलगडली आणि आतली जाड दोरी उघड्या बोटांत धरून बघितली.